पारवा नेमका कोणता?

'तानापिहिनिपाजा' हे अक्षरांचे गाठोडे पाठ नसलेला मराठी माणूस सापडणे कठीण. त्याने इंद्रधनुष्य नीट निरखून पाहिलेले नसेल. पण तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी तो धडाधड सांगेल. माझ्या आजवरच्या मास्तरकीत मी हा क्रम किती मुलांकडून वदवून घेतला असेल याची गणती नाही. पण दर दोन-चार वर्षांनी एखादा चौकस विद्यार्थी निघतोच आणि विचारतो, "सर, पारवा म्हणजे नेमका कोणता?" प्रश्न रास्त आहे. मुलांनी पाहिलेला पारवा म्हणजे देवळाच्या वळचणीला घुमणारा पक्षी, आणि तो तर करडा. आईच्या कपाटातली पारव्या रंगाची साडीही तशीच, राखाडीकडे झुकणारी. आकाशातल्या कमानीत करडा पट्टा आजवर कुणाला दिसला आहे?

याचे मूळ शोधू गेले तर थेट न्यूटनपर्यंत जावे लागते. लोलकातून सूर्यकिरण पाडून त्याने रंगांचा पट्टा पाहिला, तेव्हा प्रथम त्याने त्यात पाचच रंग मोजले होते. पुढे नारिंगी आणि 'इंडिगो' हे दोन घालून त्याने ते सात केले. सप्तकात जसे सात स्वर, तसे प्रकाशातही सात रंग, अशी त्याची धारणा. 1704 साली त्याचा 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सात हा आकडा जगाने जणू शिक्कामोर्तब करून स्वीकारला. वस्तुतः त्या पट्ट्यात एक रंग संपून दुसरा सुरू होतो अशी रेघ कुठेच नाही. रेघा आपण मारतो. आता गंमत पाहा. 'इंडिगो' म्हणजे हिंदुस्थानातून युरोपात जाणारी नीळ. नीळ आणि निळा हे आपल्याकडे एकाच घरातले शब्द. पण क्रमिक पुस्तक मराठीत आणणाऱ्याने 'निळा' हा शब्द आधीच 'ब्ल्यू'ला देऊन टाकला असावा. मग आपल्याच निळीसाठी बिचाऱ्याला दुसरे नाव शोधावे लागले, आणि पारव्याच्या मानेवरची ती चमकदार निळसर झाक त्याच्या मदतीला धावून आली असावी. म्हणजे पट्टा एकच, पण तो कापताना इंग्रजाची कात्री वेगळ्या ठिकाणी चालली आणि आपली वेगळ्या.

आमच्या पेडण्याच्या मुलाला तर एकेका रंगाची तीन-तीन नावे सांभाळावी लागतात. घरात 'हळदुवो', मराठी प्राथमिक शाळेत 'पिवळा' आणि पाचवीत हायस्कुलात पाऊल टाकले की 'यलो'. घरचा 'पाचवो' शाळेत 'हिरवा' होतो, घरचा 'धवो' शाळेत 'पांढरा'. सीमेवरच्या कोणत्याही जिल्ह्यात, मग तिथे घरची बोली कोंकणी असो, कन्नड असो की मालवणी, हाच अनुभव असणार. मला यात अडचणीपेक्षा श्रीमंती अधिक दिसते. 'पिवळा' म्हटले तर नुसता रंग डोळ्यांपुढे येतो. 'हळदुवो' म्हटले की हळद येते, तिचा वास येतो, लग्नघर येते. 'पाचवो' म्हणताच पाचूची आठवण होते. इथली जाणती शिक्षिका पहिलीच्या मुलांना आधी भिंतीवरचा तक्ता दाखवत नाही. ती हळकुंड, केळीचे पान आणि अबोलीचे फूल टेबलावर मांडते आणि मग विचारते, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?"

आणि मराठी तरी एका शब्दावर कुठे थांबते? आपल्याला नुसते लाल पुरत नाही. ओठ लालचुटूक, रागावलेला चेहरा लालबुंद आणि नजरेला टोचणारे लुगडे लालभडक. या तीन शब्दांची अदलाबदल करून पाहावी, म्हणजे किती बिघडते ते कळेल. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र, पण भ्यालेला माणूस पांढराफटक. शेत हिरवेगार, चुडा हिरवाकंच. समुद्र निळाशार, रात्र काळीकुट्ट, केस काळेभोर. येथे शब्द रंगाची जात सांगतोच, शिवाय तो रंग पाहून आपल्याला काय वाटले तेही सांगून टाकतो. साडीच्या दुकानात तर स्वतंत्र शब्दकोशच नांदतो: अंजिरी, आमसुली, मोरपंखी, शेवाळी, डाळिंबी, मोतिया, चिंतामणी. यातल्या चिंतामणीविषयी दोन बायकांचे एकमत झालेले मी अजून ऐकलेले नाही.

एम. ए.च्या अभ्यासात भाषाशास्त्र वाचताना बर्लिन आणि के या दोन अमेरिकन संशोधकांची ओळख झाली होती. 1969 साली त्यांनी 98 भाषांतली रंगनामे तपासून असे मांडले की भाषेत रंगांची मूळ नावे कशीही, वाटेल त्या क्रमाने येत नाहीत. ज्या भाषेत दोनच नावे असतात तिथे ती काळ्याची आणि पांढऱ्याची, म्हणजे अंधाराची आणि उजेडाची असतात. तिसरे नाव येते ते तांबड्याचे. हिरवा-पिवळा त्यानंतर आणि निळा आणखी मागाहून. या मांडणीवर पुढे बरेच वाद झाले, दुरुस्त्याही झाल्या. पण तांबड्याचा तो मान सहसा कुणी काढून घेतला नाही. उलट बाजूने पाहायचे तर रशियन भाषा घ्या. तिथे गडद निळ्याला एक मूळ शब्द आणि फिक्या निळ्याला दुसरा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की या दोन शब्दांच्या सीमेवरच्या छटा रशियन माणसे अधिक झटकन वेगळ्या ओळखतात. इंग्रजी बोलणाऱ्यांत हा फरक पडत नाही. डोळा दोघांचा सारखाच. पण भाषेने लावलेली सवय डोळ्याच्या कामात थोडी ढवळाढवळ करतेच.

भाषेपाठोपाठ रूढी येते. आमच्या वाड्यावर ख्रिस्ती कुटुंबातली नवरी पांढऱ्या झग्यात इगर्जीत जाते आणि त्यांच्या दुखवट्याला काळे वस्त्र असते. शेजारच्याच हिंदू घरात नवरीच्या अंगावर पांढरे नेसू चालत नाही, आणि काळे चालते ते संक्रांतीला, कौतुकाने. तांबड्याचे तर काय सांगावे! कुंकू तांबडे, शालू तांबडा. पण केशवपन केलेल्या विधवेच्या वाट्याला येणारे आलवणही तांबडेच असे. माझ्या लहानपणी आमच्या नात्यात एक वृद्ध आत्या होत्या, त्यांच्या अंगावर मी ते पाहिलेले आहे. मंद, विटकरी, मातीत मिसळून जाणारा तो रंग. काही वर्षांपूर्वी मुलींच्या गणवेशासाठी एका व्यापाऱ्याने नेमके त्याच छटेचे कापड नमुन्याला आणले. आम्हा पुरुषांना ते 'मळखाऊ' म्हणून पसंत पडत होते. एका पालकाबरोबर आलेल्या आजींनी ते हातात घेतले, उजेडाला धरले आणि पुन्हा टेबलावर ठेवले. म्हणाल्या, "मास्तर, ह्या रंगान आमी खूप पळयलां. पोरांक नाका." कापड परत गेले. मुलींना त्या रंगाने काही वाटले नसते हे खरे. पण त्या गणवेशातल्या नातीला रोज दारात उभे राहून निरोप कुणी द्यायचा होता? गणवेश घालणारा एक असतो आणि तो पाहणारे दहा असतात.

याच कारणाने शाळेची इमारत रंगवायची वेळ आली, तेव्हा मी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत रंगाचा विषय सर्वांत आधी घेतला. रंगाच्या कंपनीचे शेड कार्ड टेबलावर पसरले होते. त्यावरची नावे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहीना. एकाला 'क्रीम' हवा होता, दुसऱ्याला 'बदामी'. दोघेही तासभर भांडले आणि शेवटी दोघांनी एकाच चौकोनावर बोट ठेवले. भगवा म्हटले की कुणाला एका पक्षाची आठवण, हिरवा म्हटले की दुसऱ्याची. मग एक जुने गवंडी उठले. ते म्हणाले, "रंग कार्डार पळोवंचो न्हय, वणटीर पळोवंचो." रंग कार्डावर पाहायचा नसतो, भिंतीवर पाहायचा असतो. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही भिंतीवर हातभर लांबीचे चार पट्टे मारून घेतले आणि सकाळच्या उन्हात, संध्याकाळी आणि ट्यूबलाइटखाली पाहिले. आवडता रंग ट्यूबखाली आजारी दिसला आणि नावडता बरा वाटला.

त्याच गवंड्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. आमच्या भागात वर्षाला शंभर-सव्वाशे इंच पाऊस. पागोळ्यांचे पाणी तांबड्या चिऱ्याच्या मातीवर आपटते आणि भिंतीचा खालचा अडीच-तीन फुटांचा भाग पहिल्या महिन्यातच तांबडा करून सोडतो. जुन्या घरांच्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला खाली काव्याचा रुंद पट्टा असायचा तो याच हिशेबाने. जो रंग पाऊस देणारच आहे, तो आपणच आधी देऊन ठेवायचा! शोभा म्हणून आपण ज्याकडे पाहतो त्याच्या पोटात असे शहाणपण दडलेले असते.

काव म्हटल्यावर काव्याच्या चित्रांचा विषय काढल्याशिवाय पेडणे-डिचोलीचा माणूस पुढे जाऊ शकत नाही. मोरजीच्या मोरजाईचे, पार्सेच्या भगवतीचे, अडवलपालच्या शर्वाणीचे देऊळ, ही नावे या कलेच्या संदर्भात नेहमी घेतली जातात. गोव्यापासून खाली कारवार-होन्नावरपर्यंतच्या किनाऱ्यावर ही कला नांदली. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून तिची छायाचित्रे घेतली, तिच्यावर लिहिले, म्हणून तिची पुष्कळशी नोंद तरी राहिली. हिची रीत साधी, पण कष्टाची. शिंपल्यांचा चुना, नदीची धुतलेली वाळू आणि गुळाचे पाणी एकत्र कालवून, मुरवून, कुटून गिलावा करायचा. त्याचा पांढरा थर भिंतीवर बसला की वरून काव्याचा तांबडा थर चढवायचा. तो ओला असतानाच लोखंडी अणकुचीदार हत्याराने नको तिथला तांबडा खरवडून काढायचा, म्हणजे खालचा पांढरा उघडा पडतो. शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटून काढायचे. हात चुकला तर पुसून दुसरा रंग भरण्याची सोय नाही. उजेडाचा पांढरा आणि मातीचा तांबडा, एवढ्या दोन रंगांत देवदेवता, हत्ती, मोर, वेलबुट्टी असा सारा संसार मांडलेला.

दोनच रंग का, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. माती जवळ होती, बाकीचे रंग महाग होते, हे उत्तर खोटे नाही. पण त्याचा आणखी एक फायदा मला एका विद्यार्थ्यामुळे समजला.

हा मुलगा आठवीत आमच्याकडे आला. चित्रकलेचा हात विलक्षण. पेन्सिलीने होडी काढली तर ती हलेल असे वाटावे. रंगपेटी हाती दिली की मात्र झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी. आधीच्या शाळेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'निष्काळजी' असा शेरा पडला होता आणि पोराने तो खरा मानला होता. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांना संशय आला. त्यांनी त्याला खडूंवरचे कागद काढून रंग ओळखायला सांगितले. पिवळा आणि निळा त्याने बिनचूक सांगितला; हिरवा, तांबडा आणि तपकिरी यांत तो अडखळला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांत आकडे दडवलेले ते पुस्तक त्याच्यापुढे धरले आणि निदान पक्के झाले.

हे पुस्तक जपानच्या डॉ. इशिहारा यांचे, 1917 सालचे. त्याआधी 1794 साली जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपल्याला इतरांसारखे रंग दिसत नाहीत हे सभेत निबंध वाचून जाहीर केले होते. 1875 साली स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे दगावली, तेव्हा सिग्नलचा रंग ओळखता न येणे हे तर कारण नसेल, अशी शंका होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने घेतली. त्याने रंगीत लोकरीच्या गुंड्यांची परीक्षा तयार केली आणि रेल्वे व जहाजे यांवरील नोकरांच्या तपासणीला सुरुवात झाली. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे आठजणांना हा दोष असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी, पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात असा एखादा असणे मुळीच नवल नाही. बायकांत तो क्वचित आढळतो. आईला स्वतःला सारे दिसते, पण तिच्याकडून तो मुलात उतरतो.

जहाजाचा उल्लेख मी मुद्दाम केला. मुलाचे वडील बोटीवर होते आणि मुलानेही दहावी-बारावीनंतर बोटीवर चढावे हे त्या घरात ठरून गेले होते. सुट्टीवर आलेल्या वडिलांना मी बोलावून घेतले. सगळे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "म्हणजे माझो झील कुड्डो?" मी म्हटले, "आंधळा नव्हे हो. त्याची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. फक्त तांबड्या आणि हिरव्यातली भिंत त्याच्यासाठी उभी नाही." तेवढ्यात त्याची आई बोलली. तिचे वडील काजूच्या बागेत बोंडे गोळा करायला जात, तेव्हा पिवळी बोंडे त्यांना लांबून दिसत. तांबडी मात्र झाडाखाली जाऊन हाताने चाचपावी लागत. घरचे त्यांना आळशी म्हणत. ती बोलत होती आणि मुलगा तिच्याकडे टक लावून पाहत होता. आजोबांसारखे आपणही, एवढे कळल्यानेच त्याचा चेहरा निवळला.

बोटीचा विषय तिथे संपला. वैद्यकीय तपासणीत तो पुढे संपायचाच होता. पण तो एजंटाला पैसे भरून झाल्यावर, एकोणिसाव्या वर्षी, मुंबईच्या दवाखान्यात संपण्याऐवजी चौदाव्या वर्षी घरच्या माणसांत संपला, हे बरे झाले. मुलगा आयटीआयत आराखडे काढायला शिकला आणि आज घरांचे नकाशे काढतो. पांढऱ्या कागदावर काळी रेघ. त्याला तिथे कुणाची मदत लागत नाही.

त्याला एकदा मी काव्याची चित्रे दाखवायला नेले होते. इतर मुले "तांबडे कसे चकाकते पाहा" म्हणत होती. हा म्हणाला, "सर, मला हे सगळे दिसते. एकही रेघ चुकत नाही." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काव आणि चुना यांच्यातला फरक रंगाचा आहे, पण त्याहून मोठा आहे तो गडद-फिक्याचा. आणि चित्र उभे आहे ते रेघेवर. त्यामुळे ते समईच्या मिणमिणत्या उजेडात दिसते, म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूतून दिसते आणि ज्याला तांबडे-हिरवे वेगळे करता येत नाही त्यालाही दिसते. त्या कारागिरांनी शास्त्र वाचले नव्हते. पण देवळात कोण कोण येते हे त्यांना ठाऊक होते.

सरकारलाही ही गोष्ट उशिरा का होईना, उमगली. 2001 साली खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर शाकाहारासाठी हिरवा आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका आला. दोन्ही ठिपके गोल, दोन्ही चौकोनात. सोमवार पाळणाऱ्या घरातल्या रंगांध माणसाने काय करावे? ज्या दोन रंगांत त्याची गल्लत होते, नेमके तेच निवडलेले! 2020 च्या नियमांत तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आला. हिरवा गोल तसाच राहिला. आता रंग कळला नाही तरी आकार कळतो. त्याच वर्षी जूनमध्ये, सौम्य आणि मध्यम रंगांधतेच्या माणसांना वाहन चालवण्याचा परवाना देण्यास केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने संमती दिली. चौकातल्या सिग्नलवर तांबडा दिवा वर आणि हिरवा खाली असतो. ज्याला रंग कळत नाही तो जागेवरून ओळखतो.

आमच्या शाळेत त्या मुलाच्या निमित्ताने बरेच काही बदलले. हिरव्या फळ्यावर तांबडा खडू वापरायचा नाही, पांढरा आणि पिवळाच वापरायचा, असे ठरले. भूगोलाच्या नकाशात प्रदेश रंगवायचे, पण त्यांवर आडव्या, उभ्या, तिरप्या रेघाही ओढायच्या. उत्तरपत्रिकेत चूक दाखवताना शब्दाखाली रेघ मारायची. चारही क्रीडागटांच्या झेंड्यांवर रंगाबरोबर एकेक चिन्ह आले: मासा, माड, होडी, सूर्य. खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि लाभ एकट्या त्या मुलाला झाला असेही नाही. मागच्या बाकावरच्या पोरांनाही फळा आता नीट दिसतो.

सध्या आमच्या भागात बांधकामे जोरात आहेत. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून रस्ते रुंद झाले, नवी घरे उठली, आणि गावोगावच्या देवस्थानांनाही जीर्णोद्धाराचे वेध लागले. जीर्णोद्धार करावा, गळक्या छपराखाली देव कुणी ठेवू नये. पण जुन्या गिलाव्यावर ऑइलपेंट चढवण्याआधी किंवा चकचकीत फरश्या डकवण्याआधी भिंतीजवळ एक दिवा धरून पाहावा. खाली काव असेल तर हात आवरावा आणि जाणकाराला बोलवावे. नवे काही करायचे असेल तरी शेड कार्ड उघडण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: हे पाहणार कोण, त्यांच्या घरी या रंगाला काय म्हणतात, आणि ज्याला हा रंग दिसणारच नाही त्याच्यासाठी आपण रेघ कुठे ठेवली आहे. या प्रश्नांची उत्तरे समितीच्या टेबलावर मिळत नाहीत. ती कुणा आजीकडे असतात, कुणा गवंड्याकडे असतात, तर कधी 'निष्काळजी' असा शेरा मिळालेल्या एखाद्या मुलाकडे असतात.